डोकं ठेचलेल्या जनावराची कुंजी

१क. शेपटी वल्ह्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी : समुद्रातला साप, विषारी.
१ख. शेपटी गोल, टोकाकडे निमुळती : २ कडे जा.

आमचं गाव जळकोटापासून तीन कोसांवर. इथून समुद्र किती कोस, ते गावात कुणाला सांगता येणार नाही, कारण कुणी तो पाहिलेलाच नाही. मीही नाही. पण माझ्या वहीतला पहिला प्रश्न समुद्राचा आहे. ज्या सकाळी माझ्या अक्काला साप चावला, त्या सकाळी मी मारुतीच्या पारासमोर उभा राहून, सगळ्या गावादेखत, शेपटी वल्ह्यासारखी आहे का हे आधी तपासलं. का? तर क्रम मोडायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.

थांबा. आधी वही सांगतो.

निजामाच्या अमलात, फसली १३५३ साली, आम्हा खेड्यांतल्या मास्तरांना दोन महिने गुलबर्ग्याला शिकायला बोलावलं होतं. तिथं एका उस्तादांनी फळ्यावर कुंजी काढून दाखवली. झाड असो, किडा असो, साप असो. अनोळखी जिवाबद्दल कुंजी एका वेळी दोनच गोष्टी विचारते. असं आहे, की तसं? दोन्हींतली एकच खरी असते. जी खरी, तिच्यापुढे एक आकडा असतो. त्या आकड्यावर जायचं, तिथं पुन्हा दोन गोष्टी. असं करत करत आकडे संपतात आणि नाव उरतं. मला ही गोष्ट फार आवडली. मी झाडांची, पाखरांची आणि सापांची अशा तीन कुंज्या उर्दूत उतरवून घेतल्या. गावी आल्यावर पहिल्याच जुम्म्याच्या सुटीत पारावर बसलो, एक डहाळी हातात घेतली आणि सात आकड्यांतून जाऊन सांगितलं की ही चिंच आहे.

"चिंच वळखायला किताब लागती व्हय, मास्तर?" गावातले वडीलधारे महालिंगप्पा म्हणाले.

पार आठ दिवस हसत होता. मी चिडलो. म्हणालो, चिंचेचं सोडा, तुम्ही मला सापाचं डोकं दाखवा, मी बसल्या जागी नाव सांगतो.

हे मी बोललो नसतो तर पुढचं काही घडलं नसतं. किंवा घडलं असतं, पण माझ्या गळ्यात पडलं नसतं.

२क. पोटाखालचे खवले पाठीसारखेच बारीक : आंधळा साप, बिनविषारी.
२ख. पोटाखाली रुंद आडव्या पट्ट्या : ३ कडे जा.

भाद्रपद होता. शाळेत हजेरी चालली होती. गौराबाई, म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, पदर सावरत दारात आली आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "मास्तर, किताब घ्या न् पारावर चला."

"काय झालं?"

"किताब घ्या आधी."

किताब घेतली. वाटेत तिनं सांगितलं. अक्कानं चोळी बेतायला चिंध्यांच्या टोपलीत हात घातला आणि आतलं जनावर अंगठ्याच्या बुडाशी चावलं. उजव्या हाताला.

अक्का म्हणजे इरम्मा, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला तिनंच वाढवलं. नवरा वारल्यापासून ती चोळ्या शिवते, मशीन नाही, सुईनं. जळकोटच्या बाजारात बायका तिची चोळी उलटी करून बघतात, कारण तिचा टाका उलट बाजूनंही सुलट दिसतो. त्या टाक्यांवर मी शाळा शिकलो, मास्तर झालो आणि चिंच ओळखू लागलो.

पारावर ती मारुतीकडे तोंड करून बसली होती. मनगटाच्या वर चार बोटं एक दोरी करकचून आवळलेली. दोरी म्हणजे चाँदपाशा पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात. कापूस पिंजायची ही तात जनावराच्या आतड्याची असते. सुतळीपेक्षा बारीक आणि तारेपेक्षा चिवट. चाँदपाशानं घाईघाईत कामाच्या धनुकलीची तात काढून दिली होती, हा त्याचा मोठेपणा. ती कातडीत रुतून दिसेनाशी होत चालली होती, हा त्या मोठेपणाचा परिणाम. तातेच्या खाली हात सुजला होता. रंग पिकत आलेल्या जांभळासारखा.

"कधी बांधली?" मी विचारलं.

"न्याहारीच्या आधी," गौराबाई म्हणाली.

"सोडायची कधी?"

महालिंगप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उजवी बाजू कोणती ते विचारलं. गावात बंद बांधायचा मान त्यांच्या घराण्याचा. "दिस मावळल्यावर," ते म्हणाले. "मारुतीफुडं बांधलेला बंद दिस मावळल्याबिगर सुटत न्हाय. जनावर बिनविषारी हाय असं पक्कं ठरलं तरच आदी. म्हणून तर तुमाला बोलावलं. सांगा की बघून किताबात."

मला उस्तादांचं आणखी एक वाक्य आठवत होतं. बंद दिवसभर राहिला तर विषानं नाही, बंदानंच हात जातो. तसा एक हात मी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पाहिला होता. म्हणजे आता साप कोणता, एवढंच विचारायचं होतं. उत्तर आलं की हात राहणार. उत्तर येईपर्यंत हात जात राहणार.

"चावल्याची खूण बघू," मी म्हणालो. खूणही पुष्कळ सांगते. दोन टोचे, की बारीक दातांची रांग.

गौराबाईनं अभिमानानं दाखवलं. जखमेवर वस्तऱ्यानं चार चिरा मारल्या होत्या आणि वरून चुना-हळदीचा गोळा थापला होता. टोचे नाहीत, रांग नाही, काही नाही. पिवळं, तांबडं आणि पांढरं.

गावाची कुंजी

क. लिंबाचा पाला कडू लागला : विष नाही.
ख. लिंबाचा पाला गोड लागला किंवा लागलाच नाही : विष चढलं.

ही वहीत नाही, पण ती माझ्या वहीपेक्षा सोपी आहे, हे मी तेव्हाही मनातल्या मनात कबूल केलं. गौराबाई मूठभर पाला अक्काच्या तोंडात कोंबत होती आणि विचारत होती, "कडू लागतंय का गं?"

अक्का मान हलवत होती. जोरात. डोळ्यांतून पाणी.

"कडू लागतंय तिला!" मी ओरडलो. "झालं ना मग?"

"एकदा लागून काय व्हतंय?" महालिंगप्पा म्हणाले. "तीनदा लागाय पायजे. सकाळी, दुपारी, मावळताना. गौरे, आणिक दे."

अक्कानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. पाल्यातून नुसतं "ऊं ऊं" आलं. तिनं डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं, मग घराकडे केलं, मग वर कुठंतरी केलं.

"बोलू नगंस गं," गौराबाईनं तिचा हात खाली दाबला. "बोललं की चढतंय."

३क. डोक्यावर बारीक बारीक खवले, डोकं त्रिकोणी : घोणस, फुरसं.
३ख. डोक्यावर मोठ्या ढाली : ४ कडे जा.

४क. वरच्या ओठाचा तिसरा खवला एका बाजूनं डोळ्याला, दुसऱ्या बाजूनं नाकपुडीला टेकलेला : नाग.
४ख. तसा नाही : ५ कडे जा.

जनावर पाराखाली शहाबादी फरशीवर ठेवलं होतं. चाँदपाशा त्याच्याजवळ उभा होता, लग्नातल्या करवल्यासारखा.

हातभर लांबीचं, काळपट, अंगावर पांढरे पट्टे. मी पहिला प्रश्न विचारला. ते वल्ह्याचं मगाशी सांगितलंच. दुसरा विचारला, पोटाखाली रुंद पट्ट्या होत्या. तिसऱ्यासाठी डोक्याकडे वळलो.

डोक्याच्या जागी एक चपटी, ओलसर, मातीत कालवलेली पापडी होती. मानेच्याही वीतभर खालपर्यंत तेच.

"डोकं?" मी विचारलं.

"खतम!" चाँदपाशा म्हणाला. ज्या लाकडी मुठीनं तो तातेवर ठोके देतो ती त्यानं वर करून दाखवली. "म्या सोडतो व्हय मास्तर? ईस ठोकं हाणलं."

"एक पुरला नसता?"

"मरायला एक पुरतो. डोळं फुटायला ईस लागत्यात."

हे मला माहीत होतं. गावात कोणाला माहीत नाही? मारलेल्या जनावराच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी राहते. रात्री त्याचा जोडीदार येतो, डोळ्यांत बघतो आणि चेहरा लक्षात ठेवतो. म्हणून आधी डोळे फोडायचे, डोळे सापडत नाहीत म्हणून डोकं ठेचायचं, आणि मग उरलेलं जाळायचं. माझ्या हयातीत या गावात डोकं शाबूत असलेला मेलेला साप कुणी पाहिलेला नाही. आणि माझ्या वहीतले निम्मे प्रश्न डोक्याचे आहेत. ओठाचा तिसरा खवला! वरचा ओठ कुठला आणि खालचा कुठला, हे तरी कुणी दाखवावं.

"काय निघालं?" महालिंगप्पांनी पारावरून विचारलं.

"डोकं नाही."

"ते दिसतंय की आमाला बी. किताब काय म्हणती?"

किताब काही म्हणत नव्हती. कुंजीत दोनच वाटा असतात. ३क, नाहीतर ३ख. "३ग. डोकं पिंजाऱ्यानं ठेचलेलं" असं लिहायचं उस्तादांना सुचलं नव्हतं.

मी फरशीवर बसून विचार केला. घोणसीला पांढरे पट्टे नसतात, नागालाही नसतात. असं काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं आमच्या भागात दोघांपैकी एक. मण्यार, म्हणजे सगळ्यांत वाईट. चावलं तरी दुखत नाही, सूज येत नाही, माणूस गप्प होतो आणि मग श्वास. नाहीतर कवड्या, पाली खाणारा, घराच्या आढ्यात राहणारा, निरुपद्रवी. दोघं इतके सारखे दिसतात की जाणते फसतात. त्या दोघांची फारकत पाचव्या आकड्यावर होते. आणि पाचव्या आकड्याला डोकं लागत नाही. मी देवाचे आभार मानले, वहीचं पान उलटलं, नीट वाचलं:

५क. पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे, सहा कोनांचे. शेपटीखालचे खवले एका ओळीत : मण्यार.
५ख. पाठीवरचे खवले सारखे. शेपटीखालचे खवले दोन ओळींत : कवड्या व इतर.

आणि खाली पाहिलं.

फरशी रिकामी.

"कुठं गेलं?"

"जाळाया नेलं," चाँदपाशा म्हणाला. "तुमचं बघून झालं न्हवं? तुमी वही वाचाय लागला, मग आमी म्हणलं झालं."

मी ओढ्याकडे धावलो. चाळिशी अजून दूर होती, पण धावायची सवय सुटलेली होती. धोतर सुटायच्या बेतात होतं, वही काखेत होती. ओढ्याकाठी गोवऱ्या रचून त्यावर रॉकेल ओतलेलं, आणि चार माणसं टोपी काढून उभी. रॉकेल मिळत नाही म्हणून माझी शाळा दिवे न लावता भरते, आणि सापाला रॉकेल! मी काठीनं जाळ उधळला. एक लांबट कोळसा बाहेर आला. पाठ करपून एकसारखी काळी झालेली. सहा कोन सोडा, खवलाही दिसत नव्हता. पण मागच्या बाजूचं, जे गोवरीबाहेर लोंबत होतं, ते टोक सोडून वीतभर उरलं होतं. पाठ तिथंही करपलेली, पण खालची बाजू स्वच्छ.

ती वीत मी धोतराच्या सोग्यात धरून पारावर आणली. अक्काकडे नजर गेली. तातेखालचा हात आता जांभळा राहिला नव्हता, काळसर झाला होता. बोटं फुगून एकमेकींपासून लांब झाली होती. मघाशी ती हलवत होती. आता हलवत नव्हती.

मी तुकडा उताणा केला. खालचे खवले पाहिले. रुंद, आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एका ओळीत.

पुन्हा पाहिले. एका ओळीत.

"मण्यार," मी म्हणालो.

मनात म्हणायचं होतं. मोठ्यानं म्हणालो. बसल्या जागी नाव सांगण्याची हौस होती ना? सांगितलं.

मग गौराबाईनं हंबरडा फोडला, चाँदपाशानं "या अल्ला" म्हटलं आणि महालिंगप्पांनी, त्यांचं काम ते चोख करतात, तातेचा उरलेला तुकडा घेऊन अक्काच्या दंडावर दुसरा बंद आवळला. अक्का पाल्यातून किंचाळली. पाय आपटले. चौघांनी तिला धरून ठेवलं.

"चढाय लागलं," कुणीतरी म्हणालं.

मी तिथंच मातीत बसलो. हातात तुकडा होता. काही करायचं उरलं नव्हतं म्हणून त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिलो, आणि अंगठा एका जागी अडकला. एक आडवी चीर. बारीक, ओठांसारखी मिटलेली.

उस्ताद फळ्यावर खडू आपटत तीनदा म्हणाले होते: शेपटी कुठून सुरू होते ते आधी बघा. सापाला शेपटी असते. अख्खा साप म्हणजे शेपटी नव्हे. पोटाच्या शेवटी मलद्वाराची चीर असते, तिच्यामागे शेपटी. पोटाचे खवले सगळ्याच सापांचे एका ओळीत असतात.

मी पोट वाचलं होतं. शेपटी समजून पोट!

चिरेच्या मागे दोन बोटं शेपटी उरली होती, टोकाकडची जळून गेलेली. मी ती उन्हाला धरली. मधोमध एक नागमोडी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक खवला. एक जोडी. दुसरी. तिसरी, चौथी. पाचव्या जागी एकच दिसला. की दोन होते आणि चरबी वितळून चिकटले होते? मी नखानं खरवडलं. खवला निघूनच आला.

"कवड्या असावा," मी उभा राहून म्हणालो.

महालिंगप्पा माझ्याकडे बघत राहिले. "मगाशी मण्यार म्हणाला."

"मगाशी मी पोट बघत होतो."

"आता काय बघताय?"

"शेपूट."

"म्हंजे पोट मण्यारीचं न् शेपूट कवड्याचं?" कुणीतरी हसलं. त्या वेळीही! "मास्तर, दुपारी अजगर म्हणाल. तोवर आमी काय बंद बांधत-सोडत बसायचं?"

"हात बघा तिचा! जातोय तो!"

"हात जाईल. जीव ऱ्हाईल," महालिंगप्पा म्हणाले.

चार जोड्या आणि एक संशय, एवढ्यावर मी स्वतःचाही बंद सोडला नसता. पाठ जळलेली, डोकं ठेचलेलं, खूण चिरलेली. हे जनावर जिवंत, अख्खं, डोक्यासकट पाहणारं या गावात एकही माणूस...

६क. चावलेल्याला विचारलं.
६ख. चावलेल्याला विचारलं नाही.

(हे वहीत नव्हतं. त्या दुपारी मी लिहिलं.)

"तिला विचारलं का कुणी?" मी म्हणालो.

"कुणाला?"

"अक्काला! तिनं पाहिलं असेल ना ते!"

गौराबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "चावलेल्या माणसाफुडं जनावराचं नावबी काढत न्हाईत मास्तर. भेदरून जीव जाईल तिचा."

सकाळपासून. सकाळपासून शंभर माणसं तिच्याभोवती बसली होती, आणि ज्या एका गोष्टीची सगळ्यांना गरज होती ती तिच्या तोंडात होती, लिंबाच्या पाल्याखाली. आणि मी? मी शिकलेला. मी वही विचारली, फरशी विचारली, ओढ्याची राख विचारली.

मी पारावर चढलो. तिच्या तोंडात बोट घालून पाला बाहेर ओढला. मी लहानपणी माती खायचो तेव्हा ती माझ्या तोंडात घालायची, तसंच. हिरवा, लाळेचा लगदा निघाला. एक मूठ, दुसरी मूठ. महालिंगप्पा ओरडत होते. मी ऐकलं नाही.

अक्कानं थुंकलं. पुन्हा थुंकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मुडद्या," ती म्हणाली. "आत्ता आठवण झाली व्हय?"

"अक्का, त्याच्या अंगावरचे पट्टे..."

"कवड्या हाय त्यो! सकाळधरनं बोंबलतेय! तिसऱ्या वाशावर ऱ्हातो. दोन वर्सं बघतेय म्या त्याला, पाली खातो. काल पावसानं वासा गळाय लागला म्हणून खाली टोपलीत आला. माझाच हात पडला त्याच्यावर, त्यो काय करील?"

"पक्कं सांग. पट्टे कुठून सुरू होतात?"

"मानंपासनं. पयला मानंवर, पांढरा, रुंद. मग एकेक."

"जोडीनं?"

"न्हाय रे! एकेक म्हणलं न्हवं? काठाच्या जोडरेघा मला कळत न्हाईत व्हय? फुडं ठळक, न् मागं शेपटाकडं इरत गेलेलं. कच्च्या रंगाचा काठ दोन धुण्यांत जातो तसं."

वहीच्या समासात, ५ च्या शेजारी, बारीक अक्षरात मी कधीतरी लिहून ठेवलं होतं: मण्यारीचे पट्टे जोडीने, मानेपासून बरेच मागे सुरू, शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासून, शेपटीकडे पुसट. त्याखाली उस्तादांचा इशाराही लिहिला होता: रंगावर भरवसा ठेवू नये. म्हणून मी समास वाचलाच नव्हता.

"कवड्या," मी वळून म्हणालो. "बंद सोडा."

"तुमी सोडा," महालिंगप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता. "तुमची भन हाय, तुमची किताब हाय. पर तुमच्या हातानं. उद्या आमाला बोल लावू नका."

सुजलेल्या मांसात गाठ गडप झाली होती. नख शिरत नव्हतं. गौराबाईनं घरून अक्काची कात्री आणली. मी दंडावरचा बंद सहज कापला. मनगटाच्या वरच्या तातेखाली कात्रीचं टोक घालताना मात्र माझा हात थांबला. चार जोड्या, एक संशय आणि एका बाईनं वाशाकडे बघून सांगितलेली गोष्ट. चूक असेल तर संध्याकाळपर्यंत तिचा श्वास बंद पडेल, आणि मला आयुष्यभर साप कुठला होता ते बिनचूक माहीत असेल.

"काप की," अक्का म्हणाली. "का आता कात्री वळखायला बी वही बघणार हाईस?"

कापलं.

"नवी तात हुती," चाँदपाशा हळूच म्हणाला. "सोलापूरची." मग स्वतःच जीभ चावली.

७क. कडू.
७ख. गोड.

बंद सुटला की सुटका झाली असं मला वाटलं होतं. अडलेलं रक्त त्या हातात परत शिरतं तेव्हा काय होतं, हे उस्तादांनी सांगितलं नव्हतं. अक्कानं जी किंकाळी मारली ती मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. ती पारावर लोळली. हात छातीशी धरून गडाबडा लोळली.

"चढलं! चढलं!" सगळा पार उठला. ज्यांनी मघाशी तिला धरलं होतं त्यांनी पुन्हा धरलं, आणि गौराबाई पाला घेऊन पुन्हा हजर.

"रक्त फिरतंय ते!" मी ओरडत होतो. "विष नाही, रक्त आहे!" माझं कोण ऐकणार? मी तो, ज्यानं पोटाला शेपूट म्हटलं होतं.

दुपारची वेळ झालीच होती. दुसऱ्यांदा विचारायचंच होतं. मूठभर पाला तोंडात गेला. सगळे वाकले. महालिंगप्पांनी स्वतः विचारलं, "इरम्मा, कडू लागतंय का?"

अक्कानं शांतपणे चावलं. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. गौराबाईकडे, चाँदपाशाकडे, मग माझ्याकडे, आणि गिळलं.

"गोड," ती म्हणाली. "गुळावाणी. आणिक हाय का?"

मी कपाळ बडवून घेतलं. चिंचेवरून पार आठ दिवस हसला होता. आता तिच्या एका शब्दानं निम्मा पार रडायला लागला. कुणी आमच्या गुरूला, जंगमाला, बोलवायला पळालं, कुणी घोंगडं आणायला. मी अक्काला म्हणालो, "अगं, खरं सांग!" ती म्हणाली, "सकाळपासनं खरंच सांगतेय. कुणी ऐकलं?"

पुढचा तासभर मी दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा होतो. घोंगडं आलं, ते मी परत पाठवलं. डाग द्यायला लाल केलेला विळा आला, तो परत पाठवला. मी मागं वळून वळून तिच्या पापण्या बघत होतो. मण्यारीच्या विषात पापण्या आधी पडतात. तिच्या पापण्या काही पडत नव्हत्या, उलट ती डोळे वटारून बघत होती. बोटांचा काळा रंग जांभळा झाला, जांभळ्याचा तांबडा. करंगळी मात्र वाकडीच राहिली, ती आजही वाकडी आहे. बाकीच्यांचं मला कळत नव्हतं. तिला "बोटं हलव" म्हणायची हिंमत होत नव्हती. नाही हलली तर?

ऊन पाराच्या दुसऱ्या अंगाला गेलं. पाणी आणायला म्हणून मी रांजणाकडे वळलो, तेवढ्यात महालिंगप्पांनी मागून येऊन आपल्या खांद्यावरच्या घोंगडीची दोरी काढली. त्यांचं काम ते चोख करतात. "गोड लागलं म्हंजे बंद पायजेच," असं पुटपुटत ते तिच्या उजव्या दंडाशी वाकले.

अक्कानं त्यांचं मनगट पकडलं.

त्याच हातानं. सुजलेल्या, चुना-हळदीनं माखलेल्या, वस्तऱ्याच्या चार चिरांच्या उजव्या हातानं. करंगळी सोडून तिन्ही बोटं मिटली, अंगठा वरून बसला. दोरी खाली पडली.

"आप्पा," ती म्हणाली, "झालं आता. घरला जावा."

महालिंगप्पांनी हात ओढून पाहिला. सुटला नाही. अंगठ्याजवळच्या चिरांतून ताजं, लाल रक्त त्यांच्या मनगटावर ओघळलं.

मी तांब्या घेऊन उभा होतो. वही केव्हा हातातून पडली ते कळलं नाही.

"मास्तर," महालिंगप्पा माझ्याकडे बघत कळवळून म्हणाले, "सांगा की हिला सोडायला. मनगट दुखतंय."